कुलूपबंद वांगी

“माकडांना निळा रंग ओळखता येतो का?”

कुलकर्णी सरांनी पुण्याहून फोनवर हा प्रश्न विचारला तेव्हा मी महाडच्या ऑफिसात डबा खात होते. ऑफिस म्हणजे बिरवाडीच्या रस्त्यावर एका खताच्या दुकानामागची खोली. कुलकर्णी सर आमच्या बियाणे कंपनीचे रीजनल मॅनेजर. चेष्टामस्करीचं त्यांना वावडं होतं. म्हणजे प्रश्न खराच होता.

“बघून सांगते, सर.”

“बघून नको, विचार करून सांग. तुझ्याच रिपोर्टमध्ये लिहिलंयस, निळ्या खुंटीच्या वाफ्यांत वांगी कमी भरली, कारण मंकी डॅमेज. बरं. मग शेजारच्या पांढऱ्या खुंटीचं एकही वांगं का गेलं नाही? माकडं खुंट्या बघून जेवतात का?”

मी घास गिळला. मी प्रोबेशनवर होते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ह्याच माणसाच्या सहीवर होतं. दापोलीला बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर गावातल्या गावात मिळालेली ही पहिली नोकरी. ती माकडांपायी जाईल असं वाटलं नव्हतं.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या हिवाळ्यातली. अळीला पुरून उरणारा बीटी कापूस पेरायला सरकारने दोन हजार दोन सालीच परवानगी दिली होती. आता वांग्याची पाळी होती. ह्यात करतात एवढंच, की मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचा जीन उचलून पिकात बसवतात. अळीने ते पीक खाल्लं की तिचं पोट बिघडतं आणि ती मरते. माणसाच्या पोटाला त्याने काही होत नाही, असं कंपनी म्हणत होती. सरकार म्हणत होतं, दाखवा. कापूस अंगावर घालायचा असतो, वांगं पोटात जातं, त्यामुळे ह्या वेळी सरकार जास्तच चौकस होतं.

असं पीक आधी सरकारच्या नजरकैदेत असतं. कुंपणाबाहेर न्यायचं नाही, विकायचं नाही, खायचं तर नाहीच नाही. चाचण्या झाल्या, समित्यांचं समाधान झालं, की सरकार त्याला मोकळं करतं. ह्याला आमच्या धंद्यात डीरेग्युलेशन म्हणतात. त्यानंतर ते चारचौघांसारखं वांगं. तोपर्यंत ते कैदी आणि मी जेलर.

जेल होता पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट चढायला लागायच्या आधी, आत एका वाडीवर. सकपाळ काकांची ओढ्याकाठची जमीन. भात काढल्यावर रिकामी पडलेली, कंपनीने करार करून भाड्याने घेतलेली. ती निवडायचं कारण म्हणजे आजूबाजूला कोणीच वांगं लावत नव्हतं. आपल्या वांग्याचे पराग दुसऱ्याच्या वांग्यावर जाऊ नयेत म्हणून ठरावीक अंतरात दुसरं वांगं चालत नाही. कुंपण घातलं, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप. एक किल्ली माझ्याकडे, एक काकांकडे.

आत वाफे पाडले. निम्म्यांना निळ्या खुंट्या, निम्म्यांना पांढऱ्या. एका रंगात बीटी वांगं, दुसऱ्यात साधं. कशात कुठलं, हे मलाही सांगितलेलं नव्हतं. त्याचं पाकीट पुण्याला लाखेने बंद करून ठेवलेलं. मोजणाऱ्याच्या मनात पक्षपात येऊ नये म्हणून ही पद्धत.

दर सोमवारी मी सकाळच्या एसटीने वर जायची. काका-काकी आणि मी मिळून वांगी तोडायचो. रंगाप्रमाणे वजन करायचं. मग एकेक चिरून आत अळी आहे का बघायची. आणि मग सगळी वांगी, चांगली, किडकी, सगळीच्या सगळी, खड्ड्यात टाकून रॉकेल ओतून जाळायची. हा नियम कुणी केला त्याने आयुष्यात वांगं जाळलेलं नसणार. वांगं जळत नाही. वांगं भाजतं. दर सोमवारी दुपारी अख्ख्या वाडीवर भरताचा वास सुटायचा. त्या वासात उभं राहून मी रजिस्टरमध्ये लिहायची, ‘उत्पादन पूर्णपणे नष्ट केले.’

सकपाळ काकी पहिल्या सोमवारी खड्ड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“गो बाय, ह्या चांगल्या वांग्यांनी काय पाप क्येलंन?”

“काकी, अजून सरकारने खायची परवानगी दिलेली नाही.”

“सरकार वांगी खातंय?”

“खात नाही, तपासतं.”

“मंग न खाता त्याला कलनार कसं?” असं म्हणून त्या आत निघून गेल्या. पुन्हा कधी खड्ड्यापाशी आल्या नाहीत. मला वाटलं, पटलं त्यांना.

तिसऱ्या-चौथ्या तोडणीला आकडे वेडेवाकडे यायला लागले. निळ्या खुंटीच्या वांग्यात अळी औषधाला सापडेना. पांढऱ्यात दर दुसऱ्या वांग्यात पाहुणी. कुठल्या रंगात बीटी आहे हे सांगायला पाकीट फोडायची गरज उरली नव्हती. पण वजन? निळ्याचं वजन पांढऱ्यापेक्षा कमी. दर सोमवारी कमी. म्हणजे ज्या झाडाला कीड लागत नाही, तेच झाड कमी वांगी देतंय. हे जर खरं असेल तर कंपनीने एवढी वर्षं आणि एवढे शास्त्रज्ञ कशाला राबवले?

पुण्याला खळबळ उडाली. माती तपासायला मागवली. पाठवली. ओढ्याचं पाणी मागवलं. बाटलीत भरून पाठवलं. सरांनी विचारलं, निळ्या वाफ्यांवर सावली पडते का? मी एक अख्खा दिवस सावल्या मोजत बसले. सावली पडत नव्हती.

शेवटी काकांनाच विचारलं. “काका, निळ्यातली वांगी जातात कुठं?”

काकांनी डोंगराकडे बघितलं. काकांना खोटं बोलायची वेळ आली की ते डोंगराकडे बघतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

“वांदरं असतील, मॅडम.”

“पण कुंपण शाबूत आहे.”

“वांदर काय फाटकातनं येतंय?”

बिनतोड होतं. मी शहरातली, म्हणजे महाडातली. मास्तरांची मुलगी. डोंगरातल्या वांदरांशी माझी ओळख नाही. मी लिहून टाकलं, मंकी डॅमेज. आणि मग आला तो निळ्या रंगाचा फोन.

फोन ठेवताना सर म्हणाले, “पुढच्या गुरुवारी समिती येत्येय. मला त्याआधी माकडाचा फोटो पाहिजे. प्लॉटमधला.”

शुक्रवारी आणि शनिवारी मी कंपनीचा कॅमेरा गळ्यात अडकवून कुंपणाबाहेर करवंदीच्या जाळीत बसले. एक माकड आलं नाही. एक मिळालं ते परतीच्या वाटेवर, पोलादपूरच्या स्टँडवर, वडापावचा कागद चाटताना. त्याचा फोटो काढला खरा, पण मागे एसटीची पाटी आली.

मंगळवारी दुपारी जेवायला घरी गेले. आईने ताट वाढलं. ताटात भरलं वांगं. लांबोडकं, फिकट जांभळं, अंगावर पांढरे पट्टे.

तसलं वांगं महाडच्या बाजारात येत नाही. तसलं वांगं त्या वेळी अख्ख्या तालुक्यात एकाच कुंपणात होतं.

“आई, हे कुठून आणलंस?”

“आणलंय कशाला? तुझ्या सकपाळ काकींनी पाठवलंय. वानवळा. दर सोमवारी सकाळी पोलादपूर गाडीचे कंडक्टर देऊन जातात.”

“दर सोमवारी?”

“तू तेव्हा निघालेली असतेस ना. त्याच दुपारी आम्ही दोघं संपवतो. ह्या वेळी जास्त आली म्हणून उरली.”

म्हणजे मी वर जाणाऱ्या गाडीत आणि माझे कैदी खाली येणाऱ्या गाडीत. वाटेत कुठेतरी आम्ही एकमेकांना ओलांडतही असू.

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं तुला माहितेय. तूच दिला असशील पत्ता. आणि हे बघ, मी काही पिशवी रिकामी नाही हो पाठवत. एकदा पोह्याचे पापड दिले, एकदा मेतकूट. बाई फार चांगली आहे. एक किडकं निघालं नाही आजवर.”

ते निघणारच नव्हतं.

मी काय केलं? खरं सांगते, ताटातलं संपवलं. पुरावा नष्ट करायची तीच सोपी पद्धत होती. शिवाय आईचं वांगं झालंही झक्कास होतं. नंतर संध्याकाळपर्यंत पोटाकडे लक्ष ठेवून होते. पोट ठणठणीत. पण नियम मोडला होता, तोही साधासुधा नाही. कुलूपबंद पीक माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात शिजत होतं. हे बाहेर आलं तर काकांचा करार जाणार आणि त्याच्या आधी माझी नोकरी जाणार.

बुधवारी पहिल्या गाडीने वाडी गाठली. काकी अंगणात कुळीथ पाखडत होत्या. मी पापडांचं नाव काढताच त्या हसल्या.

“तुजी आय लय गुनाची हाय.”

“काकी, वांगी कोणाकोणाला दिलीत?”

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. खालचं घर, वरचं घर, ओढ्यापलीकडची तिघं. शाळेचे गुरुजी. देवळातले गुरव. कंडक्टर. माझी आई. आणि मुंबईच्या खोलीवर त्यांचा मुलगा असतो, त्याला, त्याच्या खोलीतल्या बाकीच्या चौघांना.

“मुंबई?”

“मंग? आपल्या शेतात वांगी लागलीत नि पोराला नाय पाठवायची?”

“पण सगळी जाळायची असं ठरलं होतं ना?”

“ठरला असंल तुमचा नि ह्यांचा.” काकी शांतपणे म्हणाल्या. “हितं वाडीवर सगल्यांना दिसतंय, सकपालीनीच्या शेतात वांगी लोंबताहेत. नि तिच्या हातनं कोनाच्या दारात येक वांगं नाय गेलं? परवा मला मेथी दिलीन, तेरवा पावटा. मी काय सांगू त्यांना, कंपनी जालतेय म्हनून? त्वांड दाखवायला जागा ऱ्हाईल काय मला?”

घरचं पिकलं की आधी शेजारच्या दारात, मग आपल्या ताटात. वानवळ्याचा हा नियम त्या वाडीवर सरकारच्या नियमापेक्षा कितीतरी जुना होता आणि तो मोडायला कोणाची परवानगी मिळत नसे.

“पण मग सगळी निळ्यातलीच का तोडलीत? निदान थोडी पांढऱ्यातली तरी…”

काकींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना उष्टं वाढायला सांगितलं होतं.

“वानवल्यात किडका घालतात काय गो? लोकं काय म्हनतील? पयल्या खेपेला पांढऱ्यातली किडकी निघाली, ती आमी खाल्ली, कापून कापून. चांगली लोकांना दिली.”

म्हणजे कोड फोडायला काकींना पाकीट लागलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी घरातल्या भिंतीवरची किल्ली घ्यायची, निळ्या खुंटीतली निवडून निवडून तोडायची, उरलेली सोमवारी आमच्या काट्यावर. कंपनीचं सगळं शास्त्र त्यांनी एका टोपलीत घालून वाटून टाकलं होतं.

मी हात जोडले. “काकी, उद्या समिती येणार आहे. कोणी विचारलं तर वांदरं सांगायचं. तुम्ही काही बोलूच नका. माझ्या नोकरीचा आणि काकांच्या कराराचा प्रश्न आहे.”

काकींनी सूप उचललं आणि पाखडायला लागल्या. मी तो होकार समजले.

गुरुवारी जीप आली. समितीचे प्रमुख डॉक्टर पाटणकर. डॉक्टर म्हणजे वनस्पतिशास्त्राचे. कडक माणूस. महिन्याभरापूर्वी पहिल्या भेटीला आले होते तेव्हा स्वतः टेप धरून चहूबाजूंचं अंतर मोजलं होतं आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आसपास वांग्याचे अन्य कोणतेही पीक नाही.’ ह्या वेळी बरोबर कुलकर्णी सरही होते. पांढरा शर्ट, हातात फाइल, नजर माझ्यावर.

डॉक्टरांनी कुलूप ओढून पाहिलं. खड्डा पाहिला. मग आकडे पाहिले आणि चष्मा काढला.

“ही माकडं किती आहेत?”

सर माझ्याकडे बघायला लागले. काका डोंगराकडे.

“एक… टोळी आहे, सर,” मी म्हणाले.

“कोणी पाहिली?”

मी तोंड उघडलं. स्टँडवरचा फोटो माझ्या पिशवीत होता. त्यातली पाटी अंगठ्याखाली झाकली जाते का, हे मी सकाळी करून बघितलं होतं. झाकली जात होती. हात पिशवीत गेलासुद्धा.

तेवढ्यात मागून काकी म्हणाल्या, “सायेब, वांदरं नाय. मी तोडलीत.”

सगळे वळले. काकींनी पदर खोचलेला होता.

“मुक्या जनावरावर आल घेता कशाला? ती बिचारी मारुतीची लेकरं. आमच्या वाडीवर औंदा येकपन वांदर आलेलं नाय. ही पोर घाबरलेय, तिला बोलू नका. वांगी मी तोडली नि मी वाटली.”

लाज कशी वाटते हे मला तेव्हा कळलं. करार जाईल हे काकींना ठाऊक होतं. मीच आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. तरी त्या बोलल्या. आणि मी बी.एस्सी. ॲग्री, माकडाचा फोटो घेऊन उभी. मी पिशवीतून हात रिकामा बाहेर काढला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. रविवार, एसटी, मुंबई, आईचे पापड. ताटातलं संपवलं हेही.

कुलकर्णी सरांचा चेहरा पिकल्या वांग्यासारखा पिवळा पडला. “सर, ही फार क्षुल्लक बाब… आपण ह्याचा अर्थ…”

डॉक्टरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. आवाज चढला. “क्षुल्लक? अहो, हे पीक मोकळं करायचं की नाही ते ठरवायला देशात समित्या बसल्यात! आणि इथे एक बाई टोपली भरून वाटत सुटली आहे! किती लोकांनी खाल्लं ह्याची यादी पाहिजे मला. प्रत्येकाचं नाव!”

“देते की,” काकी म्हणाल्या आणि पुन्हा बोटांवर मोजायला लागल्या. खालचं घर, वरचं घर, गुरुजी, गुरव, कंडक्टर, मुंबई. मी लिहून घेत होते. शेवटचं बोट त्यांनी हवेतच धरलं.

“नि तुमी, सायेब.”

“मी?”

“मागल्या खेपेला जीपीत पिशवी घातली नव्हती काय? वर वालाच्या शेंगा, खाली वांगी. पावन्याला रिकाम्या हाती धाडतात काय?”

डॉक्टर आठवत होते. आठवलं, हे दिसलं. कानाच्या पाळ्यांपासून ते हळूहळू लाल होत गेले.

“ती… पट्ट्यांची वांगी?” ते म्हणाले. “मिसेसनी भरीत केलं होतं.”

“ग्वाड झालं?” काकींनी आपुलकीने विचारलं.

आसपास वांग्याचं दुसरं पीक नाही हे ज्याने स्वतः टेप लावून लिहिलं, त्याच माणसाने त्याच दिवशी तिथून वांगी नेली आणि ती आली कुठून हा प्रश्न त्याला महिनाभर पडला नाही. माझ्याही घरी दर सोमवारी हेच चाललं होतं. मला हसू आवरेना. मी रजिस्टर तोंडापुढे धरलं.

डॉक्टर एकटेच ओढ्यापर्यंत चालत गेले. कुलकर्णी सर माझ्या कानाशी आले. “आता ते काही लिहिणार नाहीत. आपण वाचलो. माकडंच ठेव.” त्यांचा रंग परत आला होता.

पंधरा-वीस मिनिटांनी डॉक्टर परत आले, ओट्यावर बसले आणि लिहायला लागले. दोन पानं. चाचणीच्या अटींचा भंग, साइट रद्द, आकडे बाद, उभं पीक उपटून नष्ट करावं. खाणाऱ्यांची यादी जोडली. त्यात शेवटच्या नावापुढे ‘समितीचे प्रमुख, सहकुटुंब’.

सरांना राहवलं नाही. “सर, स्वतःचं नाव कशाला घातलंत?”

“नाही घातलं तर ह्या बाई सांगतील,” डॉक्टर म्हणाले. “आणि त्यांनी सांगितल्यावर मी गप्प बसलो, हे मला घरी जाऊन सांगता यायचं नाही.”

झाडं उपटली, खड्ड्यात घातली. त्या दिवशी काकी घराबाहेर आल्या नाहीत. करार गेला. त्याचं काकांना वाईट वाटलं, काकींना नाही. त्यांना वाईट वाटलं ते फुलावर आलेली झाडं उपटली त्याचं, आणि ते त्यांनी मला स्पष्ट बोलूनही दाखवलं. यादीतल्या कोणाला काही झालं नाही. पण यादीतल्या कोणाला काही होत नाही हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, असं डॉक्टरांनी जाताना मला बजावलं. ते बरोबरच होतं.

पुढे दिल्लीच्या समितीने त्या जातीच्या वांग्याला हिरवा कंदील दाखवला आणि काही महिन्यांतच सरकारने तो पुन्हा लाल केला. मोकळं करावं की करू नये, ह्यावर मोठमोठ्या हॉलमध्ये मोठमोठी माणसं भांडली. वाडीवर कोणी भांडलं नाही. तिथे ते आधीच मोकळं झालेलं होतं.

माझं प्रोबेशन आणखी सहा महिने वाढलं आणि बदली जालन्याला झाली. कापसाकडे. कापूस कोणी वानवळ्यात देत नाही, असं ऑर्डर देताना सर म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेला तो एकच विनोद, आणि तोही त्यांनी गंभीरपणे सांगितला.

जालन्यात पहिल्याच आठवड्यात चाचणीसाठी जागा निवडायचा नवा फॉर्म हातात आला. जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय, कुंपण, हे जुने रकाने होतेच. खाली एक नवा घातलेला होता. ‘शेतकऱ्याचे शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत?’

जिथे उत्तर ‘चांगले’ येईल, ती जागा बाद करायची होती.